बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

दृढीकरण म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी बिशपसमोर आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी. त्याआधी मुलांची तोंडी परीक्षा होते. समोर पाळकसाहेब आणि मंडळीचे पंच. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार म्हणून दाखवायचा की नाव यादीत. यंदा दहावीतल्या एका मुलीनं सगळं न अडखळता म्हटलं आणि मग विचारलं, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मला पाठ आहे. पण पटलेलं नाही. बिशपसाहेबांसमोर 'होय' कसं म्हणू?"

एक पंच भडकलेच. "तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर! बाई, वर्गात हेच शिकवता का?"

वर्ग माझा. एरवी मी हायस्कूलला इतिहास शिकवते. मी म्हटलं, "काका, हाच प्रश्न पंडिता रमाबाईंनी विचारला होता."

रमाबाई आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण आपण त्यांची गोष्ट १८८३ च्या बाप्तिस्म्यावरून थेट केडगावच्या मुक्ती मिशनवर नेतो. मधला भाग वगळतो, आणि मुलांना गरज असते ती नेमकी त्याचीच. बाप्तिस्मा झाला इंग्लंडमध्ये, वाँटेजला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. पण त्रैक्याची, म्हणजे तिघं मिळून एकच देव ही, शिकवण बायबलमध्ये दिसल्याशिवाय केवळ चर्च सांगतं म्हणून मानायला रमाबाई तयार नव्हत्या. सिस्टरना तो अहंकार वाटला. रमाबाईंनी १८८५ मध्ये उलट लिहिलं, की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, विचार मलाच करायचा आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, इथवर त्या भांडल्या. ही पत्रं १९७७ मध्ये आपल्याच राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं छापली आहेत.

"त्या विदुषी होत्या," पंच म्हणाले. "ही लेकरू आहे."

पाळकसाहेब तोवर गप्प होते. ते म्हणाले, "बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्त सापडला, तोवर नुसता ख्रिस्ती धर्म सापडला होता, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मग या पोरीला एक वर्षही द्यायचं नाही?"

मला त्या क्षणी फार बरं वाटलं. पाठांतराशी माझं वैर नाही. आजारपणात, मयतीच्या घरी तोंडपाठ स्तोत्रच कामी येतं. पण विश्वास तेवढ्यावरच मोजला, तर मुलं 'होय' म्हणतात, केक कापतात आणि कॉलेजात गेली की चर्चला दिसेनाशी होतात. दरवर्षी बघते. ज्या बाईनं पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, तिला सुरुवातीलाच गप्प केलं असतं तर?

मुलीनं स्वतःच नाव काढून घेतलं. तिची आई माझ्यावर नाराज आहे. पांढरा ड्रेस शिवून झाला होता, संगमनेरच्या पाहुण्यांना निरोप गेले होते. तिचं वाईट वाटणं मला समजतं, तरी मुलीचं मन वळवायला मी गेले नाही.

ती वर्गाला नेमानं येते. पत्रांचं इंग्रजी जड आहे, म्हणून डिक्शनरी घेऊन एकेक पान वाचतो. गेल्या रविवारी म्हणाली, "बाई, या एका मुद्द्यावर मला सिस्टर जेराल्डिनचंच पटतं." त्यावरून आमची चांगलीच जुंपली.