तासाला सोळा रुपये

दोन क्विंटल बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या खानदेशी पापडांची, मागणी आली तेव्हा गटातल्या बायांना आनंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. अमळनेर तालुक्यातल्या त्या गावातला बारा जणींचा बचत गट तोवर ओळखीपाळखीत किलो-दोन किलोने माल विकत होता. आता सुरतेचा एक व्यापारी सगळाच माल उचलायला तयार झाला होता. भाव १८० रुपये किलो, माल सुटा, पॅकिंगची कटकट नाही. पैसे मात्र माल खपल्यावर, म्हणजे साधारण दोन महिन्यांनी.

मी या भागात गटांच्या उद्योगांचं काम बघते. मला बोलावलं होतं ते लिखापढी होताना हजर राहायला. त्या दिवशी लिखापढी झाली नाही.

गटाच्या अध्यक्षांना गावात सगळे आक्का म्हणतात. सातवीपर्यंत शिकलेल्या, कोरडवाहू जमीन, दरवर्षी दुसऱ्याच्या कापसात वेचणीला जाणाऱ्या. सगळ्या जमल्यावर आक्कांनी सचिवाला वही उघडायला लावली आणि एकच प्रश्न विचारला, "मंग उरनं काय?" सचिव पटकन म्हणाली, "आक्का, एका खेपेमागे ५८० रुपये." दोन क्विंटलला चोवीस खेपा लागणार, म्हणून कोणीतरी तेवढ्यात चोविसाने गुणायलाही घेतलं.

आकडा बरोबरच होता. एक खेप म्हणजे १० किलो दादर ज्वारी. ४५ च्या भावाने ४५० रुपये, अर्धा किलो तीळ १००, जिरं ४०, मिरची-लसूण-मीठ ११०, दळण १००, सरपण आणि गॅस १५०. एकूण ९५०. कोंडा गेल्यावर आणि वाळल्यावर साडेआठ किलो बिबडे हाती येतात. १८० ने त्याचे १,५३० होतात. त्यातून ९५० गेले की ५८०. गटांच्या वह्यांत मला हेच गणित सगळीकडे दिसतं, आणि त्यालाच नफा म्हणायची सवय झालेली आहे.

आक्का म्हणाल्या, "आता हात मोजू." सगळ्यांना गोल बसवलं आणि कोण काय काम किती वेळ करते ते एकेकीकडून वदवून घेतलं.

ज्यांनी बिबडे फक्त खाल्लेत त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण हिशेबाचं मर्म त्या कामातच आहे. ज्वारीला ओलसर हात लावून कांडायची, कोंडा पाखडायचा, मग दोन-तीन दिवस पाण्यात आंबवायची, रोज पाणी बदलायचं. नंतर धुऊन, सुकवून दळायची. पीठ आदल्या रात्री भिजवून ठेवायचं. सकाळी मोठ्या पातेल्यात पिठाच्या साधारण तिप्पट पाणी मीठ, जिरं, तीळ, मिरची-लसणाचा ठेचा घालून उकळायचं आणि भिजवलेलं पीठ एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने लाकडी दांड्याने घोटत राहायचं. हे शिजलेलं पीठ म्हणजे घाटा. तो चकचकीत झाला आणि ओल्या बोटाला चिकटेनासा झाला की शिजला. घाईने कच्चा उतरवला तर बिबडा वाळताना तडकतो, तळला तरी फुलत नाही. मग ओल्या धोतरावर, पाण्याचा हात घेत, घाटा गरम असतानाच गोल थापायचा. गार झाला की पसरत नाही, जाड राहतो, आतून ओला राहतो. म्हणून थापायला एकदम पाच-सहा जणी लागतात. दुसऱ्या दिवशी कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, बिबडे अलगद सोडवायचे आणि पुन्हा दोन उन्हं द्यायची.

असे एकेकीचे तास जुळत गेले. निवडणं, कांडणं, धुणं मिळून ६ तास. घाटा शिजवणं आणि थापणं, सहा जणी चार-चार तास, म्हणजे २४. सोडवणं, उलटणं, निवडून ठेवणं ६. एकूण ३६ तास. सचिवाने मोबाइलवर ५८० ला ३६ ने भागलं आणि दोनदा तपासलं. तासाला १६ रुपये.

त्याच गावात निंदणीला सहा तासांचे २५० मिळतात, म्हणजे तासाला चाळीसच्या वर. हे प्रत्येकीला तोंडपाठ होतं, पण वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन क्विंटलसाठी २४ खेपा लागल्या असत्या, एकूण ८६४ तास, बाईमागे ७२. म्हणजे प्रत्येकीच्या बारा रोजंदाऱ्या निम्म्याहून कमी मजुरीत. वर २२,८०० रुपयांचा कच्चा माल गटाच्या अंतर्गत कर्जातून घ्यावा लागला असता, महिना दोन टक्क्यांनी. दोन महिन्यांचं व्याज ९१२. आणि मध्येच अवकाळी आला तर धोतरावरचा अख्खा माल बुरशीला.

खोलीत बराच वेळ गलका झाला. एक जण म्हणाली, घरबसल्या सोळा तर सोळा, उन्हात तर जावं लागत नाही. हा मुद्दा मी कमी लेखत नाही. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेली सासू आहे त्यांच्यासाठी घराजवळचं काम खरंच मोलाचं असतं. आक्कांनीही तिला खोडून काढलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की घरबसल्याची सूट किती द्यायची ते आपण ठरवू, शेठने ठरवायची नाही.

मला या कामात जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ सालचं, नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली १९९२ साली, नंतर जीवनोन्नती अभियान आलं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री आज वाडीवस्तीवर पाठ आहे. अमळनेरच्या मेळाव्यांत वक्ते विप्रोचं नाव घेतात, १९४५ साली इथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून ती सुरू झाली म्हणून, आणि बायांना ते ऐकून अभिमान वाटतो. पण गटाला पुढे नेणारी बाई मी ओळखते ती एका खुणेवरून: ती श्रमाला भाव लावते, आणि तो सगळ्यांसमोर लावते. योजना आणणारे पुढारी गावात असतात आणि त्यांची गरजही असते. श्रमाचा रकाना भरायला लावणारे फार थोडे.

त्याच बैठकीत मशिनचाही विषय निघाला. एका विक्रेत्याने पापडाचं मशिन सुचवलं होतं, ३५ टक्के अनुदान मिळतं म्हणून. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ते मिळतं हे खरं आहे, पण उरलेल्यात बँकेचं कर्ज असतं आणि त्याचा हप्ता माल खपो न खपो भरावा लागतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे हे मशिन उडदाच्या घट्ट पिठासाठी बनलेलं असतं. बिबड्याचा घाटा शिजवलेला आणि सैल. तो रोलरला चिकटतो, लाटला जात नाही. आमच्या भागात अशी मशिनं गोणपाटाखाली झाकून ठेवलेली आहेत. गटाने त्याऐवजी दोन स्वस्त गोष्टी ठरवल्या. ज्वारीचा कोंडा गिरणीतच काढून आणायचा, म्हणजे कांडपाचे तास वाचतील. आणि काही खेपा धोतराऐवजी जाड, खाण्याच्या वापराच्या प्लास्टिक कागदावर थापून बघायच्या, कारण त्यावरून बिबडा पाणी न लावता सुटतो आणि एक ऊन वाचतं. कागद वाऱ्याने उडतो, म्हणून कडेला विटा.

मग भाव. तासाला ४० धरले तर मजुरी १,४४०, साहित्यासह २,३९०. पाव किलोची ३२ पाकिटं, पिशवी आणि लेबल धरून पाकिटाला ५ रुपये, म्हणजे १६०. एकूण २,५५०. अर्धा किलो तुकडा, म्हणजे मोडका माल, निघतो, तो १०० च्या भावाने ५० रुपयांचा. पाकीट ९० रुपयांना विकलं तर सगळे मिळून २,९३० येतात. मजुरी हातात पडून गटाकडे खेपेमागे ३८० राहतात.

९० रुपये देणारं गिऱ्हाईक आहे. सुरत, नाशिक, पुण्यात खानदेशी घरं आहेत आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी जाताना बिबडे नेतातच. पाकिटावर वजन, तारीख, किंमत, हिरवं चिन्ह आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी नंबर हवा. उन्हातून काढलेला माल तसाच गरम भरला की पिशवीला आतून घाम सुटतो आणि महिन्याभरात बिबडा सादळतो. म्हणून रात्रभर सावलीत निववून, मोडल्यावर कट्कन तुटतो का ते बघूनच भरायचं. पार्सलात पाकिटं आडवी रचली तर खालची दबून चुरा होतात, उभी रचली तर टिकतात.

व्यापाऱ्याला आक्कांनी माझ्यासमोरच फोन लावला. "शेठ, सुटा माल ३०० ने, अर्धे पैसे आधी. नाहीतर तुकडा घ्या १०० ने." शेठने तुकडा घेतो म्हणून सांगितलं. अख्ख्या बिबड्यांचं बघू म्हणाले.

गटाच्या वहीत आता 'तास' नावाचा रकाना आहे आणि दर बैठकीत तो मोठ्याने वाचला जातो. आखाजीपर्यंतचा हंगाम त्यांनी बारा खेपांचाच धरला आहे. पावसाळ्यात ऊन नसताना काय करायचं, यावर शेंगदाण्याच्या चटणीचा हिशेब सुरू आहे. त्यातही पहिली ओळ तासांची लिहिली आहे, दाण्यांचा भाव तिच्याखाली.