हळदीच्या पाकिटाचा लोगो आणि सॉफ्टवेअरची निवड

आमचा समुद्रपूर तालुका म्हणजे वायगाव हळदीचा पट्टा. २०१६ साली या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. गावातल्या बचत गटाने हळद दळून पाकिटात विकायचं ठरवलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "तू कॉम्प्युटर शिकला ना, मंग लोगो तूच करून दे." झालं, काम गळ्यात पडलं.

लोगोचं सॉफ्टवेअर शोधायला बसलं की नावांचा नुसता पाऊस पडतो. मी आधी हिंगणघाटला छपाईवाल्याकडे गेलो, कारण फाइल शेवटी त्याच्याच मशीनवर उघडायची होती. तो म्हणाला, "जेपीजी नको आणू भाऊ. पीडीएफ दे, नाहीतर कोरलची फाइल. अन् अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे आकारात बदलून आण." एवढ्यात निम्मी नावं गळाली. फोटोशॉपमधलं काम मुख्यतः ठिपक्यांचं. पाकिटावर बरं दिसणारं चित्र दुकानाच्या फ्लेक्सवर मोठं केलं की फाटतं. लोगो वेक्टरमध्येच हवा, म्हणजे रेषा गणिताने काढलेल्या असतात आणि कितीही ताणल्या तरी धार जात नाही.

त्याने आणखी एक कामाची गोष्ट सांगितली. छापील पाउच मोठ्या संख्येने काढायचे तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, लागतो आणि त्याचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतात. म्हणून दोनच रंग ठरवले, हळदी पिवळा आणि गडद हिरवा. पोत्यावर एका रंगातही ओळखू यावा, ही अट मी माझ्याकडून घातली.

कॅनव्हा गटातल्या पोरींना फोनवर येतं. पण त्याच्या मोफत योजनेत एसव्हीजी म्हणजे वेक्टर फाइल मिळत नाही, आणि तयार नमुन्यातलं चित्र कोणीही वापरू शकतं, त्यामुळे त्यावर ट्रेडमार्कचा हक्क सांगता येत नाही. व्हॉट्सअॅपच्या जाहिरातीला मात्र ते झकास. इलस्ट्रेटर उत्तम, पण भाड्याने घ्यावं लागतं. एका लोगोसाठी कोण भरत बसेल? कोरलड्रॉ आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांचं रोजचं हत्यार. पेनड्राइव्हवर चोरीची प्रत सहज मिळते, पण गटाच्या कामात मला ती नको होती.

राहिलं इंकस्केप. मोफत, मुक्त स्रोत, इंटरनेटशिवाय चालणारं, आणि माझ्या चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर न करणारं. तरी आधी परीक्षा घेतली: 'वर्धा जिल्हा' टाइप केलं. यात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर तिन्ही येतात. इलस्ट्रेटरमध्येही दक्षिण आशियाई लिपीची सेटिंग चालू नसेल तर वेलांटी भलतीकडेच जाऊन बसते. इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी पहिल्याच झटक्यात नीट आली. अक्षरांसाठी 'बालू' आणि 'मुक्ता' हे 'एक टाइप' नावाच्या संस्थेने केलेले फॉन्ट पाहिले. दोन्ही मोफत आणि व्यवसायात वापरायला मोकळे. बालूची गोलाई हळकुंडाला शोभली.

छपाईवाल्याकडे जुनं कोरल आणि श्रीलिपी हे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. युनिकोड मजकूर तिथे चौकोन होऊन उघडण्याची भीती, म्हणून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून अक्षरांचे आकार बनवले. त्यानंतर मजकूर बदलता येत नाही, त्यामुळे त्याआधीची फाइल वेगळी जपून ठेवलीच पाहिजे.

इंकस्केपची कमजोर बाजू रंगांची. ते स्क्रीनच्या आरजीबीत (लाल, हिरवा, निळा) काम करतं, छपाई सीएमवायकेत (निळसर सायन, गुलाबी मॅजेन्टा, पिवळी आणि काळी शाई) होते. पिवळा रंग छपाईवाल्याच्या शेजारी बसून कोरलमध्ये जुळवला. मॅजेन्टा जरा वाढला की हळद केशरी दिसते, कमी झाला की लिंबू. गटातल्या काकू कागदावरचा नमुना पाहून म्हणाल्या, "हे तं आपल्याच हळदीवानी दिसून राह्यलं." शाईच्या प्रमाणाचा तोच आकडा लिहून घेतला.

सध्या पाकिटावर स्टिकर लावतो. सिलिंडरचा खर्च विक्री वाढल्यावर. ट्रेडमार्क बाकी आहे. ट्रेडमार्क नोंदणीतल्या मालाच्या वर्गांपैकी हळदपूड वर्ग ३० मध्ये येते, आणि लघुउद्योगाला एका वर्गाच्या ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे. पैसे कुठून काढायचे, ते गटाच्या पुढच्या बैठकीत ठरेल.