इम्प्लांटनंतरचे तीन महिने

खालच्या जबड्यातली उजवीकडची पहिली मोठी दाढ काढून दोन वर्षे झाली होती. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या कृत्रिम दातासाठी, दोन धडधाकट दात घासून बारीक करायला माझी तयारी नव्हती, म्हणून सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दाढ, बसवून घेण्याचे ठरवले. मला मधुमेह असल्याने डॉक्टरबाईंनी आधी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) तपासायला लावली आणि ती ७.१ टक्के आल्यावरच तारीख दिली.

शस्त्रक्रिया पाऊण तासात आटोपली. खरे सांगायचे तर दाढ काढतानाच मला जास्त त्रास झाला होता. काळजी सुरू झाली ती घरी आल्यावर. खालच्या दाढांच्या मुळाशी जबड्याच्या हाडातून एक नस जाते आणि तिला धक्का लागल्यास ओठ बधिर राहू शकतो, हे स्कॅन दाखवताना मला सांगितले होते. त्यामुळे संध्याकाळभर दर पंधरा मिनिटांनी मी खालच्या ओठाला चिमटा काढून पाहत होतो. रात्री आठच्या सुमारास चिमटा लागला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

पहिला दिवस वीस मिनिटे बर्फ, वीस मिनिटे विश्रांती असा गेला. तरीही तिसऱ्या दिवशी सकाळी गाल आधीपेक्षा जास्त सुजलेला दिसला आणि मी घाबरून फोन केला. सूज साधारण दोन-तीन दिवस वाढते आणि मग उतरते, असे उत्तर मिळाले. सूचनांच्या छापील कागदावर हेच लिहिले होते. मी तो घडी करून खिशात ठेवला होता, एवढेच.

तासगावहून आक्का आली ती हळदीची पुडी घेऊनच. "जखमेत दाबून भर, दोन दिवसांत खडखडीत होशील," असा तिचा आग्रह होता. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात राहून हळदीला नाही म्हणणे अवघड, पण टाके घातलेल्या जागी काहीही भरायचे नाही असे बजावलेले असल्याने ती मी कोमट दुधातून घेतली. जोरात थुंकणे, चूळ भरणे, स्ट्रॉने पिणे पहिल्या दिवशी बंद होते, कारण त्याने जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने नुसते तोंड खळबळायचे. मऊ भात, थंडगार नाचणीची आंबील आणि दुधात कुस्करलेली भाकरी यांवर आठवडा निघाला; घरात भडंगाचा डबा समोरच होता, पण कुरमुऱ्याचे टरफल टाक्यात अडकले तर काय, या विचाराने हात आवरला. दहाव्या दिवशी टाके निघाले.

दुखणे संपले, पण बरे होणे संपले नव्हते. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रेनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेले धातूचे उपकरण निघेना तेव्हा लक्षात आले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. हा सांधा जुळायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात आणि तेवढे दिवस बाहेरून काहीच दिसत नाही.

सहाव्या आठवड्यात ब्रश करताना एक बारीक धातूचा तुकडा बेसिनमध्ये टण्णकन पडला. सगळे पैसे पाण्यात गेले असे समजून मी तो कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून दवाखाना गाठला. "काका, इम्प्लांट जागेवरच आहे, ही त्याच्यावर बसवलेली टोपी सुटली," असे म्हणून डॉक्टरबाईंनी ती दोन मिनिटांत पुन्हा बसवली. मात्र दोन-चार दिवस थांबलो असतो तर हिरडी त्यावर चढली असती आणि ती पुन्हा कापावी लागली असती, हेही त्यांनी सांगितले.

तीन महिन्यांनी एक्स-रे पाहून माप घेतले आणि दाढ बसवली. कार्बनच्या कागदावर चावायला लावून त्यांनी ती दोनदा घासली, कारण खऱ्या दाताच्या मुळाभोवती असते तशी गादी इम्प्लांटला नसते आणि जोर किती पडतो आहे हे आपल्याला नीट कळत नाही. ते खरेच आहे. शेंगदाणा चावला तरी पहिले काही दिवस त्या बाजूला नुसता टक्क असा आवाज यायचा, दाढेला मात्र काही जाणवत नसे. दाढेच्या कडेला अन्न अडकते, म्हणून रोज रात्री बारीक ब्रश घेऊन आरशासमोर उभे राहावे लागते.