चुरा

पॅरिस, मंगळवार. रात्रीचे साडेबारा.

झोप येत नाहीये, आणि कारण सांगायलाही लाज वाटेल इतकं बारीक आहे. रेस्टॉरंटात चीज झालं होतं, गोड यायचं होतं, तेवढ्यात तो वाढणारा मुलगा आला. डाव्या हातात बशी, उजव्या हातात घडी घातलेला पांढरा रुमाल. ओवीच्या पुढ्यातून दोनदा रुमाल फिरवला, झालं. ह्यांच्या पुढ्यातून तीनदा. माझ्यापाशी मात्र तो थांबला. रुमालाची घडी उलटवली, कोरी बाजू बाहेर काढली आणि पुन्हा सुरुवात केली.

म्हणजे एका बाजूत मावला नाही माझा चुरा.

बावीस वर्षं मी हेच शिकवतेय. क्रम्बिंग डाऊन, गोडाच्या आधी टेबलावरचा चुरा काढणं. आधी मुख्य पदार्थाच्या प्लेटा, पावाची बशी, लोणी, मीठ-मिरी सगळं उचलायचं. मग पाहुण्याच्या डावीकडे उभं राहायचं, बशी टेबलाच्या कडेच्या किंचित खाली धरायची आणि रुमालाने चुरा तिच्यात ओढायचा. झटकायचा नाही, ओढायचा. झटकला की मांडीवर जातो, आणि मांडीवरचा चुरा हा पाहुण्याचा प्रश्न, तिथे आपला हात जात नाही. डावीकडचं झालं की वर आडवा ठेवलेला डेझर्टचा काटा डावीकडे उतरवायचा. मग उजवीकडे जाऊन तेच, आणि चमचा उजवीकडे. पोरं नेहमी एकाच बाजूला उभी राहून पाहुण्याच्या छातीसमोरून हात नेतात, तिथे मी दोन मार्क कापते. आज त्या मुलाने एकदाही हात आडवा नेला नाही. हे सगळं मी बघत होते आणि तरी कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

पाव दोष द्यायला बरा आहे. छोटा, गोल, जाड कवचाचा. भट्टीत पहिली काही मिनिटं वाफ सोडतात, त्याने वरची साल मऊ राहते आणि पाव फुगतो. मग वाफ काढून टाकली की तीच साल वाळून काचेसारखी होते. तो सुरीने कापायचा नाही. एका घासापुरता हाताने मोडायचा आणि लोणी त्या तुकड्यालाच लावायचं. मोडताना तो तडकणार आणि उडणारच. आपला लादी पाव एकमेकाला चिकटून भाजलेला, त्याच्या बाजूंना कवचच नसतं, म्हणून इराण्याच्या टेबलावर इतका चुरा होत नाही. पण ओवीनेही तोच पाव खाल्ला की. बशीवर धरून मोडला, कोपर अंगाशी. कुठे शिकली कोण जाणे. माझ्याकडे तर नाही.

खरं म्हणजे चुकलं ते सॉसपाशी. माशाबरोबर बर ब्लाँ होता, लोण्याचा सॉस, पश्चिम फ्रान्समधल्या नाँतकडचा. कागदावर फार सोपा. बारीक चिरलेले शॅलट म्हणजे छोटे कांदे, व्हाइट वाइन आणि व्हिनेगर आटवत आटवत दोन चमच्यांवर आणायचं, आणि मग थंडगार लोण्याचे चौकोन, साधारण दोनशे ग्रॅम, एकेक टाकून घोटत राहायचं. लोणी वितळून तूप होता कामा नये, ते सायीसारखं दाट धरलं पाहिजे. सॉस साठ अंशांच्या वर गेला की फुटतो, वर तेल तरंगतं. फार गार झाला तर गोठतो. म्हणून तो आयत्या वेळी करतात आणि कोमट प्लेटमध्ये वाढतात. आजचा इतका नीट बांधलेला होता की प्लेट वाकडी केली तरी सावकाश सरकत होता. उजवीकडे त्याच्यासाठीच सॉसचा चमचा मांडला होता, पसरट, एका बाजूला खाच असलेला. मी चमचा सोडून पावाने प्लेट पुसली. घरच्या जेवणात फ्रेंच माणूसही पुसतो, पण अशा ठिकाणी नाही, आणि फारच मोह झाला तर तुकडा काट्याला टोचून. मी बोटांनी. एक थेंब चादरीवर पडला तो तेव्हाच.

पण थेंब नाही खुपत आहे. पावही नाही. मी बसलेली असताना कुणीतरी माझ्यासमोरचं खरकटं काढत होतं, ते खुपतंय.

आपल्याकडे ताटात सगळं एकदम येतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्ये भात. जेवताना शितं सांडली तर सांडली. माणसं उठतात, हात धुवायला जातात, आणि मग मागे कुणीतरी उष्टी काढतं. सांडणारा आणि काढणारा समोरासमोर येतच नाहीत. फ्रेंच जेवणही पूर्वी बरंचसं असंच असायचं, एका फेरीचे सगळे पदार्थ टेबलावर एकदम मांडलेले. एकामागून एक पदार्थ वाढायची रशियन तऱ्हा एकोणिसाव्या शतकात रुळली, आणि तिच्याबरोबर हे आलं: मध्येच, पाहुणा बसलेला असताना, टेबल पुसणं. त्याशिवाय गोडाला कोरी चादर कशी मिळणार? वर्गात इथपर्यंत सांगते मी. पुढचं काही सुचलं नव्हतं कधी.

मागे कुणीतरी उष्टी काढतं. कुणीतरी म्हणे. आईचा शेणगोळा, तिची ती वाकलेली... जाऊ दे.

ह्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. ते बिलावर दहा टक्क्यांचा हिशोब करत बसले. मी म्हटलं, अहो, इथे मेनूवर छापलेल्या किमतीत सेवेचे पैसे धरलेले असतात, 1987पासून तसा नियमच आहे. वर ठेवायचे ते खुशीने. तरी मीच पर्समधून दहा युरो काढून बिलाच्या पाकिटात सरकवले. ओवी म्हणाली, ‘आई, एवढे कशाला?’ आता तिला काय सांगू, चुऱ्याचे म्हणून?

आणि आता हे लिहिताना लक्षात येतंय. घडी त्याने चुऱ्यासाठी उलटवलीच नव्हती! चुरा बशीत जातो, रुमालात नाही. रुमाल भरायचा प्रश्नच येत नाही. तो थेंब. लोण्याच्या डागावरून रुमाल गेला की तीच बाजू पुढे सगळीकडे तूप फासत जाते, म्हणून तेवढ्यापुरती बाजू बदलायची. डाग चोळायचा नाही, टिपायचा, आणि वर स्वच्छ नॅपकिन पसरायचा. त्याने पसरलाही होता, गोडाची प्लेट त्याच्यावर आली माझी. पन्नास वेळा फळ्यावर लिहिलंय मी हे. दहापैकी दहा द्यायला हवे होते त्या मुलाला, आणि मी मान खाली घालून बसले होते. धन्य आहे बाईंची. सोमवारी कॉलेजात हेच प्रात्यक्षिक आहे, तिसऱ्या सेमिस्टरला. पाहुणा म्हणून यंदा मीच बसेन म्हणते, आणि पाव कडक आणायला सांगेन.

मघाशी इरकल सोडली तर निऱ्यांमधून कवचाचे चार-पाच तुकडे गालिच्यावर पडले. एक चांगला नखाएवढा. हे घोरत होते. दिवा न लावता खाली बसले, बोट ओलं केलं आणि एकेक टिपून घेतला.