तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी उभी असते तेव्हा

नाशिकच्या आडगाव नाक्यावर, ट्रक टर्मिनलच्या आत, पिंपळगावच्या मार्केटबाहेर, कुठेही चहाला थांबलो की नव्या पोरांचा प्रश्न ठरलेला. "भाऊ, भाडं पडलंय, हप्ता डोक्यावर आलाय, गाडी उभी आहे. तरी तुमचं डोकं शांत कसं राहतं?" परवा एका मित्राच्या मुलाने फोनवरही हेच विचारलं. त्याने नुकतीच नोकरी सोडली आहे आणि त्याला दहा टायरची ट्रक घ्यायची आहे. घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. आता स्वतःच्या गाड्या आहेत आणि त्यातली एक अजून मीच चालवतो. या लाइनमध्ये मी टिकलो, कारण नफा-तोटा मी खेपेवर मोजत नाही, अख्ख्या वर्षावर मोजतो. खेपेवर मोजणाऱ्याचा जीव रोज वर-खाली होतो. आज कोलकात्याचं चांगलं भाडं लागलं की पार्टी, उद्या परतीचा माल मिळाला नाही की घरात भांडण.

नाशिकचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्ष. निर्यातीचा माल रीफर म्हणजे थंड कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदराला जातो आणि देशातल्या बाजाराचा क्रेटमध्ये भरून मिळेल त्या गाडीने. मार्चपासून उन्हाळ कांदा निघतो. त्यातला बराचसा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये जातो आणि पुढे महिनोन्‌महिने थोडाथोडा बाहेर येतो. ऑगस्टपासून पिंपळगावला टोमॅटो, दिवाळीच्या सुमारास लाल कांदा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांचा माल बारा महिने असतोच. या सगळ्यात जून-जुलै पातळ जातो. म्हणजे जुलैत गाडी उभी राहिली तर नशीब फिरलं असं समजायचं कारण नाही, जुलै तसाच असतो. मार्चमध्ये भाडं चढं असतं तेव्हाच मी पावसाळ्याचे हप्ते बाजूला काढतो आणि त्या पैशाला घरातलं कुणीही हात लावत नाही. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा), ब्रेक, टायर ही मोठी कामंही त्याच पातळ दिवसांत काढतो. गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी करावं लागतं, तेही तेव्हाच उरकतो. उभ्या गाडीचं काम निघतं आणि मलाही हाताला काम राहतं.

अर्थात वर्षाच्या हिशेबात न बसणारंही येतं. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली. लिलाव थांबले, चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. बंदराकडे आणि बांगलादेशच्या सीमेकडे जाणारा कांदा थांबला, त्याबरोबर त्यावर चालणाऱ्या गाड्याही. बंदी उठली ती थेट ४ मे २०२४ ला. त्या महिन्यांत मी कारखान्याचा माल कमी भाड्यात भरला. हप्ता निघत होता, वर फारसं काही राहत नव्हतं. राग यायचा, खूप यायचा. पण माझी गाडी महिनाभर उभी राहिली तरी ती सडत नाही. ज्याचा कांदा घरात पडून होता त्याच्याशी बोललो की माझं रडगाणं मला पुढे रेटवत नसे.

मन सगळ्यात जास्त खातं ते मात्र माल खाली करताना थांबणं. भिवंडीच्या गोदामाबाहेर नंबर लावून दोन-दोन दिवस बसावं लागतं. माल मिळाल्याची पोच हातात आल्याशिवाय बाकी भाडं सुटत नाही, माल चढवण्या-उतरवण्याच्या हमाली-वाराईवरून हुज्जत होते ती वेगळीच. तिथे मी केबिनमध्ये एकटा बसत नाही. गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवतो. शेजारी राजस्थानचा ड्रायव्हर असतो, पलीकडे तमिळनाडूचा. नाशिकच्या गाडीत कांदा असणारच, तो मी देतो. कुणी डाळ देतं, कुणी पीठ. कांदा चिरता चिरता कुठला रस्ता खराब आहे, कुठल्या पार्टीने (माल देणाऱ्याने) पैसे अडकवले, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, सगळं कळतं. थांबल्याचे, हॉल्टिंगचे पैसे मिळोत न मिळोत, माणूस त्या दोन दिवसांत आंबट होत नाही.

आणि कामातला आनंद. कांदा भरलेल्या गाडीवर ताडपत्री बांधायचं काम मी अजून दुसऱ्यावर सोडत नाही. भरलेल्या गोण्यांच्या मधे हात घातला की आतली ऊब हाताला लागते. चारी बाजूंनी गाडी बंद केली की माल घाम धरतो आणि पोचेपर्यंत खालच्या थरातून पाणी सुटतं. म्हणून ताडपत्री फक्त वरून घ्यायची, बाजू उघड्या ठेवायच्या, रस्सा असा आवळायचा की सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात पाऊस लागला तर उतरून लगेच कडा खाली ओढता याव्यात. दोन हजार किलोमीटरवर व्यापारी गोणी फोडतो आणि कांदा कोरडा खडखडीत निघतो, तेव्हा भाडं किती मिळालं हे त्या क्षणी मनात नसतं.

झोपेचंही सांगतो, कारण मी वैतागलेले पाहिलेत त्यातले निम्मे लोक खरं तर झोप न झालेले असतात. डोळा जड झाला की गाडी बाजूला, मग पार्टीचे कितीही फोन येवोत. कसारा घाट रात्री पेंगत उतरण्याइतकं कुठलंच भाडं मोठं नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला, जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टळतो. टोल जड आहे, तरी थकलेल्या रात्री मी तो भरतो.

सगळंच मात्र सोसायचं नसतं. जानेवारी २०२४ मध्ये माणूस दगावलेल्या अपघाताची खबर न देता पळालेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या कलमाविरुद्ध देशभर गाड्या थांबल्या, आपल्या मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोला टँकर उभे राहिले. मीही गाड्या थांबवल्या. जखमीला टाकून जाऊ नये हे मलाही मान्य आहे, पण जमावासमोर एकटा सापडलेला ड्रायव्हर काय करेल, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. संघटनांशी बोलल्याशिवाय कलम लागू करणार नाही असं सरकारने सांगितल्यावर चाकं हलली.

मित्राच्या मुलाला मी एवढंच सांगितलं. आधी एक अख्खा पावसाळा दुसऱ्याच्या गाडीवर काढ. त्यानंतरही घ्यावीशी वाटली तर दिवाळीच्या सुमारास घे. पहिल्या हप्त्याला लाल कांदा हाताशी असेल, पाठोपाठ द्राक्ष, मग उन्हाळ कांदा, आणि जून लागेपर्यंत चार पैसे बाजूला पडलेले असतील.