एक्स-११ चे पुढे काय?

१९८४ साली एमआयटीत सुरू झालेली आणि १९८७ मध्ये ‘एक्स-११’ या रूपात स्थिरावलेली एक्स विंडो प्रणाली, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर प्रोग्रॅमच्या खिडक्या दाखवणारी व्यवस्था, आज लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या जगातून हळूहळू मागे पडत आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. दूरच्या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमची खिडकी आपल्या पडद्यावर उघडण्याची सोय तिच्या मूळ रचनेतच होती, आणि मी ती वर्षानुवर्षे वापरली आहे. मात्र त्याच रचनेमुळे एक प्रोग्रॅम दुसऱ्यात टंकलेला मजकूर, अगदी पासवर्डसुद्धा, टिपू शकतो. हा दोष वरवरच्या डागडुजीने जाणारा नाही. म्हणूनच एक्सवर काम केलेले अनेक विकासक २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड या पर्यायी व्यवस्थेकडे वळले, हे मला पटते.

रेड हॅट या कंपनीने २०२५ मधील आपल्या लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीतून एक्स सर्व्हर, म्हणजे एक्सचा मुख्य प्रोग्रॅम, वगळला. जुने प्रोग्रॅम वेलँडवर एक्सचे प्रोग्रॅम चालवून देणाऱ्या एक्सवेलँडच्या आधाराने चालत राहतील; परंतु दृष्टिहीन वापरकर्त्यांना लागणारी साधने नव्या व्यवस्थेत पक्की रुजण्याआधी जुनी वाट बंद करणे मला घाईचे वाटते. कोड खुला असल्याने २०२५ मध्येच एक्सलिब्रे नावाची एक्स सर्व्हरची वेगळी शाखाही निघाली आहे, पण सुरक्षेच्या त्रुटी वर्षानुवर्षे चिकाटीने बुजवणारी माणसे तिला किती लाभतात, यावरच तिचे आयुष्य ठरेल.