वारीत मीटरची सुई आणि हाताचा तळवा

पेन्टॅक्स के१००० या फिल्म कॅमेऱ्याला बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरती, बाकी सगळा यांत्रिक मामला. मीटरला बटण नाही. लेन्सवर झाकण घातलं की तो गप्प, काढलं की सुई हलायला लागते. १९७६ ते १९९७ एवढी वर्षं हे मॉडेल निघत होतं, त्यामुळे सेकंडहँड बाजारात अजून सापडतं. हा कॅमेरा घेऊन मी दिवे घाटात माउलींच्या पालखीसोबत चढलो. आत २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाला असलेली संवेदनशीलता) रंगीत निगेटिव्ह रोल. शटरच्या डायलची कडा उचलून आयएसओ २०० वर लावायचं काम घरीच उरकलं होतं.

घाटात मोठी अडचण पांढऱ्या रंगाची. मीटरला धोतर कळत नाही की चेहरा. समोर येईल ते मध्यम करडं आहे असं धरून तो आकडा देतो. शिवाय या कॅमेऱ्याचा मीटर सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो. म्हणजे पांढरेशुभ्र टाळकरी आणि वर ढगाळ आकाश फ्रेमभर घेतलं आणि सुई मधे (म्हणजे मीटरला बरोबर वाटणाऱ्या जागी) आणली, की धोतरं मळकी आणि चेहरे काळवंडलेले. नवख्यांना सगळे सांगतात, 'सुई मधे आण'. वारीत हा सल्ला काही कामाचा नाही.

चालत्या माणसांसाठी शटर १/२५० सेकंदावर ठेवला आणि नंतर फक्त अॅपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) फिरवलं. एक टाळकरी काका बाजूला पाणी प्यायला थांबले, त्यांना विचारून जवळ गेलो. फ्रेमभर धोतर घेतलं तर सुई ११ वर मधे येत होती. उन्हाने रापलेला चेहरा घेतला तर ४ वर. मग त्याच उजेडात स्वतःचा तळवा लेन्ससमोर धरला (फोकस जुळवायची गरज नाही, आपली सावली मात्र पडू द्यायची नाही): ८. तळवा मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) उजळ असतो, म्हणून एक स्टॉप उघडून ५.६. म्हणजे धोतर मध्यमाच्या दोन स्टॉप वर, चेहरा एक स्टॉप खाली. जसं डोळ्यांना दिसत होतं तसंच.

"फोटो काढायचा का हाताची रेषा बघायची?" काकांनी विचारलं.

दाट ढगांत ५.६ हा आकडा सनी सिक्स्टीन या मीटरशिवायच्या ढोबळ नियमाच्या हिशोबातही बसतो. लख्ख उन्हात अॅपर्चर १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याजवळचा, म्हणजे २०० च्या रोलला १/२५०. ढग दाटले की तिथून तीन स्टॉप उघडायचं. त्यानंतर सुईकडे बघणं सोडलं. फ्रेममध्ये पताका आली, आकाश वाढलं, तरी माणसांवरचा उजेड तोच होता. ढग फाटून ऊन आलं की तेवढा पुन्हा तळवा. शंका आली तर अर्धा स्टॉप जास्तच द्यायचा, कारण रंगीत निगेटिव्हला जादा उजेड पचतो. कमी पडला तर सावल्यांत चिखल आणि दाणे. स्लाइडच्या (थेट पॉझिटिव्ह चित्र देणाऱ्या) रोलला मात्र हे चालत नाही. तिथे अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते.

सासवड येईतो उजेड घटून अॅपर्चर २ आणि शटर १/६० पर्यंत उतरलं होतं. चालणारे हलायला लागले, म्हणून उरलेल्या फ्रेम टेकून बसलेल्यांवर घालवल्या.

लॅबमधल्या मुलाने विचारलं, "पुश करायचाय का?" (म्हणजे जास्त वेळ धुवून फिल्म उजळ करायची का.) म्हटलं, नाही, नॉर्मलच धू. फक्त स्कॅन करताना ऑटो करेक्शन बंद ठेव, नाहीतर मशीनसुद्धा धोतराला करडं करून ठेवेल.